वर्गातले व्यवस्थापन आणि दादरचा फुलबाजार

व्यवस्थापनशास्त्र हा आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही त्यावर लिहिण्याचे धाडस करीत आहे. कारण वसईतल्या आमच्या वाडीत या विषयाची परीक्षा रोज पहाटे असते.

अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली आणि 'केस स्टडी'ची पद्धत आपल्याकडे रुजली. एखाद्या उद्योगाची खरी हकीकत छापून द्यायची आणि विचारायचे, "तुम्ही व्यवस्थापक असता तर काय केले असते?" घोकंपट्टीपेक्षा हे शतपटीने बरे. (आमच्या नोट्स आठवून पाहा!) पण हकीकत छापली जाते तेव्हा प्रसंग घडून गेलेला असतो, आणि चुकीच्या उत्तराने वर्गात कुणाची चूल विझत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचेच घ्या. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायावर हार्वर्डने २०१० साली केस लिहिली. झाकणावरच्या खुणा, वक्तशीरपणा, सारे जगभर शिकवले गेले. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि डबेही थांबले. पद्धत बिनचूक होती, पण ती ज्या रुळांवर उभी होती ते तिच्या हातात नव्हते.

त्याच वर्षी आमचा मोगरा झाडावरच सुकला. एरवी बॅटरीच्या उजेडात कळ्या खुडून आई पहाटेच्या लोकलने दादरला जाते. पहिला भाव घ्यावा की थांबावे, हे तिला मिनिटभरात ठरवावे लागते. कळी उमलली की भाव उतरलाच. पुस्तकांत वृत्तपत्र विक्रेत्याचे एक प्रसिद्ध गणित आहे : उद्याचा खप ठाऊक नसताना आज अंक किती घ्यावेत? घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, म्हणून जरा ऐटीतच ते आईला समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "त्यात पाऊस धरलाय का, बाय?" मला उत्तर देता आले नाही.

माझी सूचना एवढीच की, व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक महिना अशा बाजारात काढावा. नुसते निरीक्षण करून अहवाल लिहू नये; माल स्वतः विकावा आणि तोटा आला तर तो स्वतःच्या खिशातून भरावा. ही योजना आईला सांगितली. ती म्हणाली, "पाठव की. पण पहिल्या दिवशी टोपली अर्धीच देईन."