ओहोटीची वेळ

आपल्या अकोला-अमरावतीकडे खारे पाणी म्हटले, की पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील विहिरी आठवतात. समुद्र आपल्यापासून फार दूर. म्हणून बी.एड.च्या काळातील एका मित्राच्या रत्नागिरीजवळच्या गावी गेलो, तेव्हा मला सारेच नवे वाटले.

अमावास्येचा दुसरा दिवस होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला मोठी भरती येते आणि ओहोटीही तितकीच मोठी असते. पाणी खूप मागे गेले. काळे खडक उघडे पडले. मित्राची आई व शेजारच्या बायका टोपल्या आणि टोकदार लोखंडी हत्यारे घेऊन निघाल्या. आम्हीही मागोमाग गेलो.

“खाला, काय गोळा करता?” मी विचारले.

“कालवं. बघ बेटा, तुझ्या पायाखालीच आहेत.”

मला तर नुसता खडबडीत दगड दिसत होता. खालांनी एक घाव घातला. वरची शिंप उडाली. आत ओलसर, करडा जीव होता.

“हे दगडातले किडे खातात?” मी मित्राला हळूच म्हणालो. तो काही बोलला नाही.

कालव एका शिंपेने खडकाला कायमचे चिकटते. भरतीचे पाणी गाळून ते त्यातील बारीक अन्न खाते. म्हणून घाण पाण्यातील कालवे खाऊ नयेत. जवळच पांढरे, छोटे सुळके दिसले. ते बार्नेकल. कवच असले, तरी ते कोळंबी व खेकड्यांचे भाऊबंद. डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे त्यांचा अभ्यास केला. अटलांटिक महासागरातील अझोर बेटांवर मोठे बार्नेकल उकडून आवडीने खातात.

दोन तास बायका वाकून काम करत होत्या. शिंपा धारदार; खालांच्या बोटांतून रक्त आले. एवढ्यात कोणीतरी ओरडले, “पाणी फिरले!” सगळ्या लगेच निघाल्या.

“खाला, टोपली अर्धीच भरली!”

“समुद्र कोणासाठी थांबत नाही, बेटा. आज एवढेच.”

घरी कालवे तीन-चार वेळा धुतली, कारण शिंपेचा कण दाताखाली येतो. कांदा परतून त्यात हळद, तिखट, ओले खोबरे आणि आमसूल घातले. कालवे मुळातच खारट, म्हणून मीठ बेताचे.

जेवायला बसलो. मी घुटमळलो. वऱ्हाडात आमच्या घरी हनफी मताप्रमाणे शिंपल्यातील जीव खात नाहीत. कोकणातील मुसलमान बहुतेक शाफई मताचे. त्यांना ते चालतात. मी काही बोलण्याआधीच खालांनी माझ्यापुढे तळलेली सुरमई ठेवली. “तुझ्यासाठी वेगळी केली आहे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

मी मान खाली घातली. कालवे मी त्या दिवशीही खाल्ली नाहीत. पण त्यांना ‘किडे’ मात्र पुन्हा कधी म्हणालो नाही.

शब्दार्थ
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे
घुटमळणे – काय करावे ते न सुचून थांबणे
चिंधी – कापडाचा फाटका तुकडा

स्वाध्याय
१. टोपली अर्धी असताना बायका का परतल्या?
२. लेखकाने मान खाली का घातली?
३. तुमच्या घरी न होणाऱ्या एखाद्या पदार्थाविषयी पाच वाक्ये लिहा.