साथीच्या काळातील सामाईक परसबाग

कोरोनाच्या साथीमुळे 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. 27 मार्च रोजी केंद्र शासनाने शेतकरी व शेतमजूर यांना शेतातील कामाची मोकळीक दिली. परंतु आठवडी बाजार बंद राहिले. पुढे 10 ते 18 जुलै 2020 या नऊ दिवसांत औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात कडक संचारबंदी होती. अशा दिवसांत ज्याच्या दाराशी भाजीचे दोन वाफे असतील, त्यास भाजीसाठी गर्दीत जावे लागत नाही. मात्र बचत गटाची परसबाग सामाईक असेल, किंवा एकाच विहिरीवर चार कुटुंबांचे वाफे असतील, तर तेथेही माणसे जमतात. अशी परसबाग निर्धोकपणे कशी चालवावी, याचा विचार येथे केला आहे.

रोगाची वाट ओळखावी

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. तो उंदरांवरील पिसवांमुळे पसरत असल्याने त्या काळी गावकरी घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. कोरोनाची वाट निराळी आहे. तो मुख्यतः बाधित माणसाच्या श्वासावाटे व खोकल्याशिंकेवाटे दुसऱ्याकडे जातो. मातीतून येत नाही. म्हणून टाळावयाची ती माणसांची दाटी होय, वाफ्यांचे काम नव्हे.

पाळी व अंतर

प्रत्येक कुटुंबाची वेळ ठरवून द्यावी व पाळीचा तक्ता विहिरीजवळ लावावा. एका वेळी एकाच घरची माणसे कामास असावीत. दोन घरची असल्यास त्यांच्यात किमान सहा फूट अंतर ठेवावे व तोंड-नाक झाकावे. वयोवृद्धांना सकाळची पहिली पाळी द्यावी. भाजीची वाटणी घोळका करून न करता, प्रत्येक घराचा वाटा वेगळ्या टोपलीत ठेवावा.

अवजारे व पाणी

खुरपे, विळा व झारी शक्यतो ज्याची त्याने आणावी. सामाईक अवजाराची मूठ वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुवावी. कामापूर्वी व नंतर वीस सेकंद साबणाने हात धुवावेत. हातास लावावयाच्या सॅनिटायझरमध्ये मद्यार्क असल्याने तो पेट घेतो. तो लावून लगेच चुलीजवळ किंवा पाला पेटविण्यास जाऊ नये. एकाच तांब्याने पाणी पिणे, एका चंचीतील तंबाखू वाटून घेणे व वाफ्यात थुंकणे कटाक्षाने टाळावे.

भाजी व औषधे

भाजी वाहत्या स्वच्छ पाण्याने चोळून धुणे पुरेसे आहे. तीस साबण किंवा जंतुनाशक द्रव लावू नये. साथीसाठी बांधलेला कापडी मुखपट्टा कीटकनाशकाच्या फवारणीत संरक्षण देत नाही, हेही ध्यानी असावे.

लागवड

फेऱ्या कमी व्हाव्यात अशी लागवड करावी. मेथी व पालक सुमारे महिनाभरात काढणीस येतात. त्यांचे बी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका व चवळी घ्यावी. शेवगा व पपई उत्तरेच्या बांधाला लावावीत, म्हणजे वाफ्यांवर सावली पडत नाही.

आजारी घराचा वाफा

सर्वांत महत्त्वाची बाब हीच होय. पाणी चुकले तर वाफा वाळेल, या भीतीने माणूस ताप अंगावर काढतो व दुखणे लपवून पाळीवर येतो. त्यास दोष देऊन उपयोग नाही. त्याची भीती दूर केली पाहिजे. यासाठी साथ येण्यापूर्वीच दोन-दोन कुटुंबांच्या जोड्या ठरवाव्यात. एका घरी ताप किंवा खोकला दिसताच त्या घराने पाळी सोडावी, वैद्यकीय सल्ला घ्यावा व वैद्यकीय अधिकारी सांगतील तितके दिवस घरी राहावे. तोवर जोडीदाराने त्याच्या वाफ्यास पाणी द्यावे आणि त्याच्या वाट्याची भाजी दाराशी ठेवून यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत पाळीचा तक्ता व जोड्या आताच लिहून घ्याव्यात. साथ आल्यानंतर बैठक घेणे कठीण होते. आपला वाफा शेजारी सांभाळील असा भरवसा असला, म्हणजे आजारी माणूस निश्चिंतपणे घरी राहतो आणि गावाचेही रक्षण होते.