त्याच्या वेळा

तुझं त्याच्याशी मोडलं हे कळल्यावर घरात जो तो म्हणणार, ‘विसरून जा.’ ते मनावर घेऊ नकोस बाई. विसरणं आपल्या हातात नसतं. माणूस जातो तेव्हा त्याच्या ठरलेल्या वेळा तेवढ्या रिकाम्या होतात, आणि रडू नेमकं तेव्हाच येतं. आधी त्या वेळा हुडकून काढ.

पहिली सकाळच्या लोकलची. पनवेलहून गाडी सुटते म्हणून आपल्याला खिडकी मिळते, आणि सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाहून जास्त नुसतं बसायचं. तुमचं फोनवर बोलणं व्हायचं ते तेव्हाच. आता खांदेश्वर येत नाही तोच हात फोनकडे जाईल. काही दिवस खिडकी सोड, भाजी निवडणाऱ्या बायकांत बस. चौकशा करतील, करू देत. कुणीतरी मेथीची जुडी पुढे करेल, ती घे. मेथी निवडताना रडता येतं आणि हातही चालू राहतो.

दुसरी वेळ रात्रीची. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, उशाशी नको. ‘लास्ट सीन’ बघत बसणं म्हणजे रोज खपली काढणं. आणि स्टेटसवर शायरी नको. ती कुणासाठी आहे हे अख्ख्या पनवेलला कळतं, त्याला सोडून.

त्याचं हेल्मेट, जर्किन, पुस्तकं एका पिशवीत भर आणि तिसऱ्याच्या हाती एकदाच पाठव. एकेक वस्तू परत करत बसणं हे भेटीचं निमित्त असतं, मला चांगलं ठाऊक आहे. पैसे घेतले असशील तर तेही चुकते कर.

वडाळे तलावावर जायचं मात्र सोडू नकोस. तलाव काही त्याला आंदण दिलेला नाही. पहिल्यांदा आईला ने, मग मैत्रिणीला, मग एकटी जा.

त्याला आवडत नाही म्हणून तू काय काय टाकलंस, ते आता आठव. नाटकं बंद झाली ना तुझी? फडके नाट्यगृहाचं तिकीट काढ, एकच. पाऊस सरला की मैत्रिणींबरोबर कर्नाळा चढ. सुळक्याखाली पोचेपर्यंत असा दम लागतो की डोक्यात दुसरं काही मावत नाही. चूक कुणाची हा हिशेब सहा महिन्यांनी मांड. आत्ता मांडलास तर सगळं त्याच्या नावावर पडेल नाहीतर सगळं तुझ्या, आणि दोन्ही खोटंच.

दोन घास कमी गेले तर चालेल, पण पानावर बस. दोन आठवडे झोप-जेवण गेलेलंच राहिलं तर डॉक्टरांकडे जायचं. जिवाचं काही वेडंवाकडं मनात आलं तर तेवढंही थांबायचं नाही. मला उठव, रात्रीचे तीन वाजले असले तरी. नाहीतर १४४१६ लाव. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात.

आणि काकू एखादं स्थळ घेऊन आलीच, तर तिला माझ्याकडे पाठव. मी बघते तिचं.