पत्ता वेळेवर विसरण्याची जबाबदारी



संगणकाच्या तासाला ‘मेमरी’ या शब्दाची ओळख सर्वांना होते. प्रस्तुत लेखात आम्ही त्यातील एक लहान पण महत्त्वाचा भाग घेत आहोत. तो म्हणजे प्रोसेसरच्या आत असणारी पत्त्यांची छोटी यादी. तिला ‘ट्रान्सलेशन लुकअसाइड बफर’, थोडक्यात टीएलबी, म्हणतात. यादी प्रोसेसरची असली तरी ती वेळेवर पुसण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची असते. तिचा शाळेच्या संगणक कक्षाशी काय संबंध, हे शेवटी पाहू.

१) दोन प्रकारचे पत्ते

प्रोग्राम मेमरीतील जो पत्ता सांगतो तो खरा पत्ता नसतो. मेमरीची ४,०९६ बाइटची पाने पाडलेली असतात. समजा, प्रोग्रामने २०,५०० हा पत्ता मागितला. ४,०९६ ने भागल्यास भागाकार ५ व बाकी २० येते, म्हणजे पान ५ वरील २० वा बाइट. कर्नलच्या नोंदवहीत ‘पान ५ = चौकट ३७’ असे लिहिले असेल, तर खरा पत्ता ३७ × ४,०९६ + २० = १,५१,५७२ होतो. दुसऱ्या प्रोग्रामचे पान ५ चौकट ९०० मध्ये असू शकते. दोघेही ‘पान ५’च म्हणतात, पण एकमेकांच्या मजकुरापर्यंत पोहोचू शकत नाहीत. हाच या योजनेचा मोठा लाभ.

प्रत्येक यंत्रात ही सोय नसते. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्यातील ट्रान्सप्युटर या प्रोसेसरांत पत्ता-भाषांतराची व्यवस्था नव्हती. प्रोग्राम सांगेल तोच खरा पत्ता. मोठे गणित वाटून सोडवण्यास ते चालले. परंतु एका यंत्रावर अनेकांचे निरनिराळे प्रोग्राम चालवायचे असतील तर प्रत्येकाच्या पानांना कुंपण लागतेच.

२) यादी कशासाठी?

मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय आहे. श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावून बडोदे राज्यात ग्रंथालयांची पद्धतशीर व्यवस्था लावली. अशा मोठ्या ग्रंथालयात पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे सूचीवरून कळते. समजा, तेथील एक सेवक वारंवार मागितल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या जागा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो. त्याला दरवेळी सूचीपर्यंत जावे लागत नाही.

टीएलबी म्हणजे ही चिठ्ठी. आजच्या बहुतेक ६४-बिट संगणकांत मुख्य नोंदवही चार पायऱ्यांची असते. एक पत्ता शोधण्यास चार वेळा मेमरी पाहावी लागू शकते, आणि त्यानंतर मूळ काम. चिठ्ठीत नोंद असल्यास हे चारही खेप वाचतात. पण चिठ्ठी लहान असते. ६४ नोंदी धरल्या, तर ६४ × ४ किलोबाइट = २५६ किलोबाइट एवढ्याच मेमरीचे पत्ते त्यात बसतात. म्हणून मोठ्या कामासाठी कर्नल २ मेगाबाइटची मोठी पाने वापरतो. तेवढ्याच नोंदींत १२८ मेगाबाइट सामावतात.

३) पुसणे अवघड का?

पुस्तक दुसऱ्या कपाटात हलवले आणि सूचीही सुधारली, तरी सेवकाच्या खिशातील चिठ्ठी आपोआप बदलत नाही. तो जुन्याच कपाटाकडे जाईल. संगणकात याचा परिणाम गंभीर होतो. एका प्रोग्रामकडून काढून घेतलेली चौकट दुसऱ्याला दिली आणि पहिल्याची जुनी नोंद राहिली, तर पहिला दुसऱ्याचा मजकूर वाचू शकेल, त्यावर लिहूही शकेल. तो मजकूर पासवर्ड असेल किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज.

आणखी एक अडचण अशी, की आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर-कोअर असतात आणि प्रत्येकाच्या खिशात वेगळी चिठ्ठी. इंटेल प्रकारच्या प्रोसेसरवर लिनक्सचा कर्नल सामान्यतः पुढील क्रमाने जातो :

(अ) मुख्य नोंदवहीत बदल करणे.
(आ) स्वतःच्या कोअरवरील जुनी नोंद पुसणे.
(इ) ज्या इतर कोअरांकडे ती नोंद असू शकते त्यांना इंटरप्टने निरोप देणे.
(ई) सर्वांची पोच येईपर्यंत थांबणे.
(उ) त्यानंतरच चौकट दुसऱ्याच्या हवाली करणे.

या निरोपाला ‘शूटडाउन’ म्हणतात. कोअर जितके जास्त, तितका थांबण्याचा खर्च जास्त. मोबाइलमधील ६४-बिट आर्म प्रोसेसरात पुसण्याची एकच आज्ञा यंत्रणा स्वतः सर्व कोअरांपर्यंत पोहोचवते.

किती पुसावे हाही प्रश्नच. एकेक नोंद पुसली तर वेळ लागतो. सगळी चिठ्ठी फाडली तर उपयोगी नोंदीही जातात. इंटेल प्रकारच्या प्रोसेसरसाठी लिनक्सने ठरवलेली मर्यादा ३३ पानांची आहे. तेवढ्यापर्यंत एकेक, त्यापुढे संपूर्ण. ३३ हा आकडा अनुभवाने निवडलेला आहे.

४) जानेवारी २०१८ चा धडा

कर्नलची स्वतःची पाने पूर्वी प्रत्येक प्रोग्रामच्या नोंदवहीतच लिहिलेली असत, फक्त त्यांवर ‘प्रोग्रामला मनाई’ अशी खूण असे. त्यामुळे कर्नलकडे जाताना चिठ्ठी फाडावी लागत नसे. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ हा दोष जाहीर झाला. इंटेलचे अनेक प्रोसेसर मनाईची खूण विचारात घेण्याआधीच पुढचे काम करून ठेवत, आणि मागे उरलेल्या खुणांवरून कर्नलचा गुप्त मजकूर ताडता येई. उपाय म्हणून कर्नलने आपली नोंदवही वेगळी केली. प्रत्येक वेळी कर्नलकडे जाताना-येताना नोंदवही बदलू लागली आणि टीएलबीचा खर्च वाढला.

ज्या प्रोसेसरांत ‘पीसीआयडी’ ही सोय आहे, तेथे प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या नोंदवहीतील आहे त्याचा क्रमांक असतो, म्हणून सगळी चिठ्ठी फाडावी लागत नाही. ज्या जुन्या प्रोसेसरांत ही सोय नाही, ते या उपायाने अधिक मंदावले.

आता संगणक कक्षाकडे वळू. जुने संगणक मंद झाले की ‘अपडेट बंद करा, संरक्षण काढा’ असा सल्ला कोणीतरी देतोच. एका संगणकावर दिवसभरात अनेक विद्यार्थी बसतात, पालकांचे ऑनलाइन अर्जही भरले जातात. अशा यंत्रावर हा सल्ला मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. थोडा वेग गेला तर तास लांबेल. एखाद्या पालकाचा पासवर्ड गेला तर तो परत आणता येणार नाही. विश्वस्त मंडळास विनंती, की वापरलेले संगणक घेताना प्रोसेसरच्या माहितीत ‘पीसीआयडी’ आहे का, हे शिक्षकांकडून अवश्य पाहून घ्यावे.

मुलांना आणखी एक सांगू. पवईच्या आयआयटी मुंबईने २०१९ मध्ये ‘अजित’ हा प्रोसेसर सादर केला. त्यात मेमरी-व्यवस्थापनाचा भाग आहे. आपल्या देशात असे प्रोसेसर घडू लागले, म्हणजे त्यांच्यासाठी कर्नल लिहिणारेही लागणार. नोंद केव्हा पुसायची हे नेमके जाणणारे ते हात तुमच्यापैकी कोणाचे असोत.

स्वाध्याय

१. पान ४,०९६ बाइटचे आहे. पत्ता १२,३०० कोणत्या पानावर व कितव्या बाइटवर येतो? ते पान चौकट १० मध्ये असल्यास खरा पत्ता काढा.
२. वरील क्रमातील (अ) व (आ) यांची अदलाबदल केल्यास काय बिघडेल? (सूचना : मधल्या क्षणी तोच पत्ता पुन्हा मागितला तर?)
३. चार कोअरपैकी एकाची पोच न घेता चौकट दुसऱ्याला दिली, तर कोणाचे नुकसान होईल? ग्रंथालयाच्या उदाहरणाने पाच ओळींत लिहा.
४. घरातील मोठ्यांना विचारा : घरच्या संगणकावर अपडेट चालू आहे का? नसल्यास का नाही?