इराच्या पहिल्या सेमिस्टरची यादी

चि. इरा,

तुझी कोर्सची यादी मिळाली. जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी, दोन्ही लॅबसकट, कॅल्क्युलस, इंग्रजी लेखन, आणि साथीच्या रोगांच्या इतिहासाचा एक कोर्स. एकूण 19 क्रेडिट. त्यातला इतिहास काढून टाक, असं दादा म्हणतो. माझं ऐकशील तर इतिहास राहू दे आणि बायोलॉजी दुसऱ्या वर्षावर ढकल. 15 क्रेडिट पहिल्या सेमिस्टरला पुष्कळ झाले.

दादा आपल्याकडच्या हिशेबाने बोलतोय. भारतात बारावीला पीसीबी, मग नीट, मार्क पडले की थेट एमबीबीएस. तिथे इतिहासाला जागाच नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल स्कूल. ‘प्री-मेड’ हे बहुतेक कॉलेजांत मेजर नसतंच. बहुतेक मेडिकल स्कूल ठरावीक कोर्स मागतात: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्सचं साधारण एकेक वर्ष लॅबसह, शिवाय बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी. 2015 पासून एमकॅट या प्रवेशपरीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा वेगळा विभाग आहे, म्हणून तेही घ्यायचं. हे झालं की मेजर तुझ्या मनाचं. मेजरनुसार किती अर्ज आले आणि किती जणांना प्रवेश मिळाला, याचा तक्ता एएएमसी ही मेडिकल स्कूलांची संघटना दरवर्षी प्रसिद्ध करते. मानव्यविद्या शिकलेली मुलं त्यात बायोलॉजीवाल्यांच्या मागे नाहीत. तो तक्ता दादाला जरूर दाखव.

ढकलायची तर बायोलॉजीच का, ते सांगते. या सगळ्यात केमिस्ट्रीची रांग सर्वांत लांब. जनरल केमिस्ट्रीच्या दोन सेमिस्टर झाल्याशिवाय ऑरगॅनिक मिळत नाही, आणि बायोकेमिस्ट्री ऑरगॅनिकनंतर. म्हणजे पाच सेमिस्टर गेल्या. या ऑगस्टला सुरुवात केलीस तर तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात मोकळी होशील, पुढच्या वसंतात एमकॅट देशील आणि जूनमध्ये अर्ज करशील. केमिस्ट्री एक वर्ष घसरली की सगळंच वर्षभर पुढे जातं. बायोलॉजी आणि फिजिक्स मात्र या रांगेच्या बाजूने कुठेही बसवता येतात. आणि वर्ष पुढे गेलं तरी आकाश कोसळत नाही. इथे मेडिकलला येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर किमान एखादं वर्ष थांबून आलेली असतात.

हायस्कूलच्या एपी बायोलॉजी परीक्षेत तुला 5 आहेत म्हणून तो विषय संपला असं मात्र धरू नकोस. काही मेडिकल स्कूल एपीचे क्रेडिट मानत नाहीत, किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स मागतात. तुला जिथे अर्ज करावासा वाटतो, त्या शाळांच्या अटी एएएमसीच्या एमएसएआर या यादीत बघ. दुसऱ्या वर्षी जेनेटिक्स किंवा फिजिऑलॉजी घेतलीस तर हा प्रश्न बहुतेक ठिकाणी सुटेल.

ऑरगॅनिकची भीती तुला आतापासून घातली गेलीय, हे तुझ्या पत्रातून दिसलं. तिथे पाठांतर चालत नाही. इलेक्ट्रॉन कुठून निघतो आणि कुठे जातो हे बाण काढून दाखवायचं, आणि ते रोज हाताने करायचं. याचा डॉक्टरला काय उपयोग, असं वर्गात कोणीतरी म्हणेलच. अ‍ॅस्पिरिनचं बघ. तो आपला अ‍ॅसिटिल गट सायक्लोऑक्सिजनेज एन्झाइममधल्या एका सेरीनवर कायमचा चिकटवतो. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. ती आठ-दहा दिवस जगते, तोवर तशीच राहते. म्हणून काही शस्त्रक्रियांच्या आधी आठवडाभर अ‍ॅस्पिरिन थांबवायला सांगतात. त्या आठवड्याचं कारण ऑरगॅनिकच्या वहीतल्या एका बाणात आहे. मला ते समजलं तेव्हा फार आनंद झाला होता, तुलाही होईल.

आता मार्कांचं. पाचच्या पाच कोर्स अंगावर घेऊन दोनात सी आणण्यापेक्षा चार नीट कर. मेडिकल स्कूलचे अर्ज घेणारी एएमसीएएस ही सेवा बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीए वेगळा काढते. कोर्स पुन्हा केलास तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरले जातात. तुझ्या कॉलेजने जुना झाकला असला तरीसुद्धा. म्हणून अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स बदलण्याची, तारीख आजच कॅलेंडरवर लिही.

आणि इतिहास. एमकॅटमध्ये एक विभाग निव्वळ वाचनाचा असतो, 90 मिनिटांत 53 प्रश्न, विज्ञान अजिबात नाही. तयारी म्हणून इतिहास उपयोगी पडेलच. पण मला तो तू वेगळ्या कारणासाठी घ्यावासा वाटतो. 1793 साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. तिथले नामांकित डॉक्टर बेंजामिन रश रोग्यांचं रक्त काढत होते, पाऱ्याचं औषध देऊन जुलाब करवत होते. जीव धोक्यात घालून ते शहरात राहिले, कळकळीने राबले, आणि आपल्या उपचाराबद्दल त्यांना पूर्ण खात्री होती. शिकलेला, भला माणूस इतक्या खात्रीने चुकू शकतो, हे तू औषधं लिहायला लागायच्या आधी वाचलेलं असावंस असं मला मनापासून वाटतं. बायोलॉजीच्या पुस्तकात ते येत नाही.

आणखी एक, हे मुलं उशिरा करतात. बऱ्याच शाळांना विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची आणि एका विज्ञानेतर प्राध्यापकाची शिफारसपत्रं लागतात. तीनशे जणांच्या केमिस्ट्रीच्या वर्गात तुला कोण ओळखणार? पहिल्या आठवड्यापासून ऑफिस अवर्सना जात जा, अडलेलं एखादं गणित घेऊनच जा. इतिहासाचा वर्ग लहान आहे, तिथे ओळख आपोआप होईल.

सुधारलेली यादी शनिवारपर्यंत पाठव, म्हणजे रविवारी दादाला फोन करते. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या