दहावी नापास, घरात बसलेला मुलगा

प्रश्न : अठरा वर्षांचा, दहावी नापास मुलगा दोन वर्षे घरीच आहे. कामाचे नाव काढले की खोलीत जाऊन बसतो. काय करावे?

उत्तर : दहावी नापासांनाही आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन, सुतारकाम अशा काही ट्रेडना प्रवेश मिळतो. पुढे १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेत शिकता येते. पण खचलेल्या मुलापुढे थेट अर्ज ठेवणे बहुधा फसते. आत्मविश्वास जमलेल्या कामातून परत येतो. उपदेशाने उलट कोमेजतो. ओळखीच्या गॅरेजमध्ये रोज दोन तास, ठरलेले छोटे काम आणि त्याचे रोख पैसे, एवढी सुरुवात पुरते. शेजारच्या मुलाशी तुलना मात्र पूर्ण बंद हवी. महिनाभरात कमावलेला आत्मविश्वास अशी तुलना एका जेवणाच्या वेळात घालवते. झोप, भूक उडाली असेल तर आधी १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोलावे.