बेशुद्ध माणूस दिसला तर आधी काय कराल?

बाजारात किंवा घरात एखादा माणूस अचानक कोसळला की गर्दी जमते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी तोंडात पाणी ओततं. पण बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून हे दोन्ही नको.

आधी जागा सुरक्षित आहे ना, ते पाहा. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ देत नसेल तर एकाला लगेच १०८ ला फोन करायला सांगा. मग हनुवटी वर उचलून छाती वर-खाली होते का, ते जास्तीत जास्त १० सेकंद बघा.

श्वास नीट चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. म्हणजे जीभ मागे पडत नाही आणि उलटी झाली तर बाहेर येते.

श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर छाती दाबायला लागा. लक्षात ठेवा, आचके म्हणजे श्वास नव्हे! इथेच बरेच जण फसतात. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्या.

बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका. बरगडी जुळते, रक्ताविना मेंदूला मात्र काही मिनिटांतच इजा होते. दमलात तर दुसऱ्याला बसवा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

आज घरी उशीवर १ मिनिट सराव करा. किती दम लागतो, ते कळेल.